पंधरावी जागा

१३ मार्च, शुक्रवार

हरलो. नऊ गुणांनी. बास्केटबॉलचा हंगाम संपला.

परतीच्या बसमध्ये मी पुढच्या सीटवर उलटी बसून मुलींची तोंडं बघत होते. शेवटचा सामना हरल्यावर मुली रडतात, निदान रडायच्या. मी खेळायचे तेव्हा आम्ही सगळ्याजणी हमसून हमसून रडलो होतो, बसचा ड्रायव्हरसुद्धा नाक पुसत होता. आज चौदा जणींपैकी दोघी रडल्या. एक शेवटच्या वर्षाची, तिचं खेळणंच संपलं. दुसरीचा घोटा सुजलाय. बाकीच्या फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या. जी रडत नाही ती मनाने आधीच दुसऱ्या कॉलेजात पोचलेली असते, हे गेल्या तीन वर्षांत मला कळून चुकलंय.

या डायरीच्या मागच्या पानावर सगळ्यांची नावं लिहिली आणि पुढे टिंबं दिली. एक टिंब म्हणजे शंका, दोन म्हणजे भीती, तीन म्हणजे गेलीच. पानाला गोवर आल्यासारखं दिसतंय.

मुख्य कोच पॅट ड्वायर मात्र निवांत. मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी विचारलं, "पॅट, तुला काळजी नाही वाटत?"

"काळजी करायला तू आहेस ना," म्हणाली.

नऊ वर्षं मी तिची साहाय्यक आहे. दर वर्षी नाताळच्या जेवणात ती सगळ्यांसमोर सांगते, "मी जिथे जाईन तिथे मार्नी येणार." माझ्या आयुष्यात टिंब न दिलेली तेवढी एकच गोष्ट आहे.

१७ मार्च, मंगळवार

आज मुलींच्या वर्षअखेरच्या भेटी. एकेक मुलगी पंधरा मिनिटं समोर बसते. आम्ही तिघं टेबलाच्या अलीकडे. पॅट, मी आणि जोना विट. जोना आमचा आकडेवारीवाला, सव्वीस वर्षांचा. त्याला खेळाडू दिसत नाहीत, आकडे दिसतात. मुलगी आत आली की तो आधी लॅपटॉपकडे बघतो आणि मग तिच्याकडे, खात्री करून घ्यायला.

पूर्वी या भेटीत गुडघे, परीक्षा आणि उन्हाळ्यातला सराव एवढेच विषय असायचे. आता मुली एजंट घेऊन येतात. आमच्या सर्वांत जास्त गुण करणाऱ्या डेझरेचा एजंट फोनच्या स्पीकरवर होता आणि काहीतरी कुरकुरीत खात होता. "डेझरेला इथे फार आवडतं," तो म्हणाला, "पण बाजार काय म्हणतो ते बघावं लागेल." डेझरे आपल्या नखांकडे बघत होती. तिला मी तिसरं टिंब दिलं.

दुपारी एमालीचा फोन.

"मिस मार्नी, हॉस्टेलचा पलंग केवढा असतो? आई चादरी घेतेय. सेल लागलाय."

"लांब असतो. लांबवाल्या घ्यायला सांग."

"बरं." मग हळूच, "डेझरे जाणार आहे का?"

"तू त्याची काळजी करू नकोस. तू चादरी घे."

एमाली कॉडिलबद्दल लिहायलाच हवं, कारण या सगळ्या धुमाकुळात मला बरं वाटावं अशी तेवढीच एक गोष्ट आहे. अठरा वर्षांची, डावखुरी, सहकारी मुलीने हात पुढे करायच्या आधी तिच्या हातात चेंडू पोचवणारी. लोन फोर्कच्या शाळेत शिकते, इथून तीन तासांवर डोंगरात. ती माझीच शाळा. म्हाताऱ्या कोच फ्युगेटने मलाही तिथेच घडवलं, आणि एमालीची आई टोन्या माझ्या शेजारी खेळायची. टोन्या आता शाळेची बस चालवते.

दोन वर्षांपूर्वी टोन्याच्या स्वयंपाकघरात बसून मी सांगितलं होतं की आमच्या बार्लो स्टेट कॉलेजच्या संघातल्या, पूर्ण शिष्यवृत्तीच्या पंधरा जागांपैकी एक एमालीची. गेल्या नोव्हेंबरात देशभरच्या शाळांतल्या मुलींनी कॉलेजांच्या करारांवर सह्या केल्या, तेव्हा पॅट म्हणाली, एक जागा वसंतापर्यंत मोकळी ठेवू, तुझ्या मुलीची सही एप्रिलमध्ये घेऊ, काय फरक पडतो? मी जाऊन तसं सांगितलं. टोन्याने विचारलं, "नक्की ना, मार्नी?" मी म्हटलं, "माझा शब्द आहे." दुसरी दोन कॉलेजं तिच्या मागे होती. एकाने तर दोनदा विचारलं. एमालीने दोघांनाही नको म्हणून कळवलं.

२७ मार्च, शुक्रवार

पॅटने घर रंगवायला काढलंय. पाच वर्षं व्हरांड्याची पायरी मोडकी होती, तीसुद्धा दुरुस्त करून घेतली. माझी शिडी मागून नेली. तळ्यावरची नाव विकली म्हणे, वापर होत नाही. मी थट्टा केली, "या वयात हौस सुचली का?" ती म्हणाली, "वसंत आलाय, मार्नी." मला फार बरं वाटलं. सगळ्या जगाचा एक पाय दाराबाहेर असताना कुणीतरी आपल्या भिंतींकडे बघतंय.

डेझरेने इन्स्टाग्रामवरून आमच्या संघाचे चार फोटो काढून टाकले. मी तासातासाला बघते. दुपारी पाचवाही गेला.

६ एप्रिल, सोमवार

पोर्टल उघडलं.

पोर्टल म्हणजे यादी, दुसरं काही नाही. जिला कॉलेज बदलायचंय तिचं नाव त्या यादीत चढतं आणि मग देशातला कुठलाही कोच तिला फोन करू शकतो. दार पंधरा दिवस उघडं असतं. सकाळी आठपर्यंत सहाशे नावं झाली होती. जोनाने भिंतीवर मोठा पडदा लावलाय, त्यावर नावं खाली सरकत राहतात. विमानतळावर असतात तशी.

आमच्या पाच गेल्या. डेझरे नऊ वाजून दोन मिनिटांनी. दोन टिंबवाल्या दोघी गेल्या, आणि जिला मी जेमतेम एक टिंब दिलं होतं तीही गेली. ती गेल्या आठवड्यात माझ्याकडे कुत्रं सांभाळायला आली होती. पाचवीचं मला आश्चर्य नाही.

मी चाळीस फोन केले. पूर्वी एका मुलीला आम्ही तीन वर्षं बघायचो. तिची आजी आजारी असली तरी ठाऊक असायचं. आता फोनवर एजंट पहिलाच प्रश्न विचारतो, "किती देणार?" आणि दुसरा, "किती मिनिटं खेळवणार?" तिसरा प्रश्न नसतो. मी दिवसभर नुसती खारी बिस्किटं खाल्ली.

पॅट शांत. पार्किंगमध्ये गाडीत बसून अर्धा दिवस फोनवर होती. मला तिच्या या थंडपणाचा हेवा वाटतो.

९ एप्रिल, गुरुवार

चौदा जागा भरल्या. चार दिवसांत. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि तेवढ्यात पॅटने बोलावलं. जोना होताच. पडद्यावर एक मुलगी: इमानी प्रूडोम, लुइझियानाची, बावीस वर्षांची, हे तिचं चौथं कॉलेज. खेळते मात्र अशी की मी खुर्चीत पुढे सरकले.

"ही येतेय," पॅट म्हणाली.

"जागा कुठाय?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला कळायला खरंच थोडा वेळ लागला.

"पॅट, ती एमालीची आहे."

"एमाली चांगली आहे. दोन वर्षांनी फार चांगली होईल. तोवर आपण कुठे असू?"

"मी तिच्या आईला शब्द दिलाय."

जोना म्हणाला, "शाळेतून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी सरासरी सहा मिनिटं मिळतात. आकडे सरळ आहेत." मी त्याला म्हटलं, "आकड्यांना आई नसते, जोना." तो खरोखर विचारात पडला.

पॅटचा आवाज चढला नाही. "मार्नी, बावीस वर्षांच्या बायकांसमोर मी अठरा वर्षांची पोर उभी केली तर मला काढतील. मला काढलं की तुलाही. तू सांग तिला. तुझंच गाव आहे, तुझ्या तोंडून बरं वाटेल."

"कधी?"

"लवकर."

मी आणखी भांडायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं आणि दार हळू लावून घेतलं.

१० एप्रिल, शुक्रवार

फोन केला नाही. शुक्रवारी एमालीची गणिताची चाचणी असते.

१२ एप्रिल, रविवार

इमानीला विमानतळावरून आणायला मी गेले. मला ती आवडू नये अशी फार इच्छा होती. जमलं नाही. एकच बॅग.

"बाकीचं सामान?"

"मावशीच्या गॅरेजमध्ये खोक्यांत आहे. दोन वर्षं उघडलंच नाही. दर वेळी बांधायचा कंटाळा येतो."

वाटेत नाश्त्याला गरम, पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही मागवली. तिने सगळं संपवलं आणि वाढणाऱ्या बाईला नाव विचारून आभार मानले. मग मला म्हणाली, "तुम्हाला इथे किती वर्षं झाली, मॅम?"

"नऊ."

"सलग?"

"हो."

तिने मान हलवली. "आणि कोच ड्वायर? राहणारेत ना?"

"अगं, घर रंगवतेय ती."

इमानीचा काटा हातातच राहिला. "घर रंगवतायत?"

"आतून-बाहेरून."

"माझ्या दुसऱ्या कॉलेजच्या कोचनेही रंगवलं होतं," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की सगळेच सारखे नसतात. बिचाऱ्या या मुलींना कुणावर विश्वास टाकायची सवयच राहिलेली नाही. नंतर ती पॅटबरोबर दार लावून अर्धा तास बसली आणि बाहेर आली ती अगदी हलकी होऊन. पुन्हा तिने तो प्रश्न विचारला नाही. पॅटला माणसं राखता येतात, हे मानायलाच हवं.

१४ एप्रिल, मंगळवार

फोन केला.

पाठ करून बसले होते: एमाली, एक वाईट बातमी आहे, दोष तुझा नाही, माझा आहे. तिने फोन उचलला आणि मी विचारलं, "गुडघा कसाय?"

"बराय की."

मग मी तिला दोरीवरच्या उड्या किती मारतेस विचारलं. मग हवा. पुन्हा गुडघा. ती सगळ्याची नीट उत्तरं देत होती. शेवटी म्हणाली, "मिस मार्नी, तुमचं बरंय ना सगळं?"

"छान चाललंय," मी म्हटलं.

फोन ठेवते तोच फ्युगेटचा. त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, अजून किंचाळूनच बोलतो, फोनवरही, मैदान ओलांडून बोलल्यासारखा.

"पोरी, ठरलं बघ. बावीस तारीख, बुधवार, शाळेच्या जिममध्ये, शेवटच्या तासाला. एमाली टेबलावर बसून सही करणार, तिच्या शेजारी टोन्या, मागे सगळी टीम. बँड येतोय. केक सांगितलाय चाळीस माणसांचा, त्यावर तुमच्या कॉलेजचं निळं चिन्ह. आता त्याच चिन्हाची टोपी तेवढी धाड. टोपी घातल्याशिवाय फोटोला काय अर्थ?"

मी म्हटलं, "धाडते."

"आजच धाड. डोंगरात पोस्टाला चार दिवस लागतात, विसरलीस?"

१५ एप्रिल, बुधवार

टोपी पाठवली.

हे लिहिताना मला माझाच हात दिसतोय. दुकानात जाऊन निळी टोपी घेतली, चांगली, पुढून कडक. खोक्यात घातली, पत्ता लिहिला. पोस्टातल्या बाईने विचारलं, "काही नाजूक आहे का आत?" मी नाही म्हटलं.

माझं असं चाललंय: नाही म्हणायचंच आहे, पण आज टोपी नाही पाठवली तर फ्युगेट विचारेल का नाही, आणि मग फोनवर सांगावं लागेल, आणि हे फोनवर सांगण्यासारखं नाही, प्रत्यक्ष जाऊन सांगायला हवं. म्हणून टोपी. घोंगडं भिजत ठेवायचं तर किती, असं मी इतरांना विचारत असते.

शिवाय काय सांगावं, इमानी ऐनवेळी दुसरीकडे जाईलही. या मुली जातात.

१७ एप्रिल, शुक्रवार

इमानीने सही केली. जाहिरात विभागातला माणूस फोटो टाकायला निघाला होता. निळ्या कपड्यांत, चेंडू कमरेशी. मी त्याला बुधवारपर्यंत थांबायची विनंती केली. "का?" म्हणाला. मी सांगितलं, एका घरी आधी कळवायचंय.

"अजून कळवलं नाहीत?" असं त्याने विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि थांबतो म्हणाला.

२१ एप्रिल, मंगळवार

जाऊन आले. पेट्रोल पंपाशेजारी गाडी उभी करून लिहितेय, अजून ऊन आहे. 

तीन तास गाडीत चार वाक्यं घोकली. डॉगवूडची झाडं फुललीत आणि त्यांच्याबरोबर नेहमीची ती चार दिवसांची थंडी परत आलीय. टोन्याचं स्वयंपाकघर गरम होतं. शेगडीवर बीन्स, ओव्हनमधून मक्याचा ब्रेड नुकता काढलेला. टोन्याच्या अंगात बसचं जाकीट तसंच होतं. टेबलावर पोस्टाच्या खोक्याशेजारी निळी टोपी, लेबलसकट.

"अगं, तू कशी काय? उद्या येणार होतीस ना?" टोन्याने मला मिठी मारली.

मी बसले. चारही वाक्यं गायब. एमालीने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि ती बसली. मग तीच म्हणाली, "मिस मार्नी, तुम्ही मोठी मुलगी घेतलीत का?"

मी मान हलवली.

"पोर्टलमधली?"

"हो."

"किती वर्षांची?"

"बावीस."

"मला वाटलंच. फोनवर तुम्ही दोनदा माझा गुडघा विचारलात." ती किंचित हसली. "माझा गुडघा कधी दुखलाच नव्हता."

टोन्या डाव धरून उभी होती. तिने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे? पुढच्या वर्षी घेणार?"

"नाही, टोन्या. मला पुढच्या वर्षीचं काही सांगता येणार नाही."

"मग ती दोन कॉलेजं?"

"त्यांच्या जागा भरल्यात. मी विचारलं." हे तरी खरं होतं. काल विचारलं मी. दोघांनीही पोर्टलमधून मोठ्या मुली घेतल्या.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"नऊ तारखेपासून."

"आणि टोपी कधी टाकलीस पोस्टात?"

खोक्यावर शिक्का होताच. टोन्याने तो वाचला, तारीख मनाशी पक्की केली आणि शेगडी बंद केली. मग वाडगाभर बीन्स वाढून माझ्यासमोर ठेवल्या, वर ब्रेडचा तुकडा. "खा. तीन तास जायचंय तुला." स्वतः बसली नाही. मी खात होते आणि ती सिंकपाशी पाठ करून उभी होती. शाळेत असताना सामना हरलो की ती अशीच उभी राहायची. मला रडू आलं, पण त्या घरात रडायचा हक्क माझा नव्हता.

एमाली दारापर्यंत आली. टोपी परत त्याच खोक्यात घातलेली. "घेऊन जा," म्हणाली. "तिला लागेल ना फोटोला."

"एमाली, मी खूप भांडले गं तुझ्यासाठी."

"हो का," ती म्हणाली, अगदी सभ्यपणे.

किती भांडले ते वर लिहिलंच आहे.

२२ एप्रिल, बुधवार

फ्युगेटचा फोन. आज किंचाळला नाही, म्हणून मी जास्त घाबरले.

"केक परत घेत नाहीत, पोरी. मी धाकट्या वर्गांना वाटून टाकला. चाळीस पोरांच्या जिभा निळ्या झाल्यात आणि आयांचे मला फोन येतायत, काय खायला घातलंत म्हणून."

"कोच, मी..."

"तुला मी चेंडू कसा झाकायचा ते चार वर्षं शिकवलं. नको ते झाकायला कुठे शिकलीस?"

त्याने फोन ठेवून दिला.

२४ एप्रिल, शुक्रवार

इमानीचा फोटो लागला. अडीच हजार जणांना आवडला. मी दिवसभर लोन फोर्कहून कुणाचा निरोप येतो का ते बघत होते. शिव्या आल्या असत्या तरी चाललं असतं.

२८ एप्रिल, मंगळवार

सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र संदेश आला. पॅट दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात चालली. इथला प्रत्येक दिवस तिने हृदयात जपून ठेवलाय म्हणे. जोना विट तिच्याबरोबर जातोय.

मी थांबले. मला वेगळा फोन येणार होता. एका संदेशात सगळ्यांना सांगायचं आणि आपल्या माणसाला फोन करून, हे सरळच आहे. अकरा वाजले, बारा. मी घरातले कागद आवरायलासुद्धा घेतले. भाड्याच्या करारात किती महिने आधी सूचना द्यावी लागते ते वाचून काढलं.

फोन चार वाजता आला.

"मार्नी, तिथे त्यांची माणसं आधीच आहेत. मला एकालाच नेता आलं. तू समजून घेशील, मला माहितेय."

"पॅट, तू नऊ वर्षं म्हणत होतीस."

"म्हणत होते खरं." मग लगेच, "बरं, ते घर विकलं जाईपर्यंत तुझी शिडी राहू दे का? दलाल म्हणतो, एक कोपरा पुन्हा रंगवायला लागेल."

मी म्हटलं, राहू दे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दीड महिना मी चौदा पोरींच्या फोटोंवर डोळे लावून बसले होते, आणि माझ्याच शिडीवर चढून ही बाई... जाऊ दे. रागाने कागद फाटेल.

कोच गेला की नियमाप्रमाणे मुलींनाही पुन्हा दार उघडतं. इमानीचा निरोप आला: "सॉरी, मॅम. मी पण त्यांच्याबरोबर चाललेय. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." या सगळ्यांत ती एकटीच सॉरी म्हणाली.

३० एप्रिल, गुरुवार

आज क्रीडा संचालकांनी बोलावलं. एका वर्षासाठी मुख्य कोच म्हणून मी. "तात्पुरतं," असं त्यांनी तीनदा सांगितलं. संघात चार मुली उरल्यात. बाकीच्या पोर्टलच्या यादीत आता शिल्लक राहिलेल्यांपैकी शोधायच्या, पुढच्या महिन्याभरात.

पण मला त्याचं काही वाटेना. खोलीतून बाहेर पडताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: आता जागा मी देणार. पंधरावी नाही, पहिली. कुणाला विचारायचं नाही. वाईट बातमी द्यायला मला बारा दिवस लागले होते. चांगली द्यायला मी टेबलापर्यंतही पोचले नाही, जिन्यातच फोन लावला.

"एमाली, जागा आहे! मी मुख्य कोच झालेय. तू ये. सगळं तसंच, जसं ठरलं होतं तसं. पहिल्या सामन्यापासून तुला खेळवते."

"अभिनंदन, मिस मार्नी," ती म्हणाली. खरंच आनंदाने म्हणाली. "पण मी येऊ शकत नाही."

"का गं?"

तिने सांगितलं. नदीपलीकडच्या चर्चच्या छोट्या कॉलेजचे कोच रविवारी घरी आले होते. गणित शिकवतात, मैदानावरचं गवतही तेच कापतात. जेवले. टोन्याला भांडी पुसू लागले. त्यांच्याकडे पूर्ण शिष्यवृत्ती नाही, अर्धीच आहे, पण त्यांना चेंडू पुढे घेऊन जाणारी मुलगी हवी होती आणि एमालीने येते म्हणून सांगितलं.

मी ते कॉलेज ओळखते. जिममध्ये दोनशे खुर्च्या आहेत आणि पाऊस आला की मधे बादली ठेवतात.

"सही झाली का?" मी विचारलं.

"शुक्रवारी आहे. उद्या."

मला केवढं हायसं वाटलं. "मग काहीच बिघडलं नाही," मी म्हटलं. "सही कुठे केलीयस? नुसता शब्दच तर दिलायस."

पलीकडे तिने खुर्ची मागे सरकवल्याचं ऐकू आलं.

"हो, मिस मार्नी," एमाली म्हणाली. "नुसता शब्दच."

मग तिने तिच्या आईला काही निरोप द्यायचा आहे का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. मी जिन्यात बसून राहिले. सरावाला उरलेल्या चार मुली वर चालल्या होत्या, त्यांना वाट करून द्यायला मी भिंतीकडे सरकले.